यादीत नसलेली माणसं

"आपल्या गावात मराठी घरं किती?" हा प्रश्न मंडळाच्या दर नव्या कमिटीला पडतो. हॉल केवढा घ्यायचा, गणपतीच्या जेवणाची ऑर्डर किती ताटांची द्यायची, सगळं त्या आकड्यावर अवलंबून. मग कोणीतरी डिरेक्टरी काढतं आणि त्यातली कुटुंबं मोजतं. पण डिरेक्टरीत कोण असतं? ज्यांनी वर्गणी भरली ते. सहा महिन्यांच्या प्रोजेक्टवर आलेली पोरं नसतात, विद्यार्थी नसतात, तमिळ किंवा अमेरिकन माणसाशी लग्न करून हळूहळू दिसेनाशी झालेली मुलगी नसते. आणि दहा वर्षांपूर्वी नाटकाच्या तालमीत भांडण होऊन जे बाहेर पडले तेही नसतात. (असं एक घर प्रत्येक मंडळात असतंच!) कोणी म्हणेल, फोनबुकातून जोशी, कुलकर्णी, शिंदे शोधा. ठीक आहे, पण मग वसईचे डिसूझा आणि परेरा गेले की हातचे.

हा प्रश्न आपल्यासाठी फार तर शंभर ताटांचा आहे. पण हाच प्रश्न एखाद्या शहरात सुईने नशा करणारी माणसं किती, त्यांच्यापैकी कितींना एचआयव्ही आहे असा विचारला, तर तो जिवाचा होतो. किती औषधं मागवायची, दवाखाना कुठे उघडायचा, हे त्यावर ठरतं. आणि इथे तर डिरेक्टरीच नाही. मी शिकलो कॉम्प्युटर इंजिनिअरिंग, संख्याशास्त्राचा एक पेपर कसाबसा काढला होता. कामानिमित्त ग्राफ आणि नेटवर्कची गणितं वाचताना या विषयाशी गाठ पडली आणि मी त्यात गुंतत गेलो. कारण ही गोष्ट गणिताची आहे तितकीच माणसांच्या एकमेकांवरच्या भरवशाची आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. नमुना सर्वेक्षणाची सगळी इमारत यादीवर उभी असते. भातात मीठ बरोबर पडलंय का हे बघायला शितं चाखली की पुरे, पण पातेलं नीट ढवळलेलं हवं. संख्याशास्त्रात ढवळणं म्हणजे यादीतून चिठ्ठ्या टाकून माणसं काढणं, म्हणजे प्रत्येकाला निवडलं जाण्याची ठरावीक, माहीत असलेली शक्यता मिळते. भारताने या शास्त्रात मोठं काम केलं आहे. बंगालमध्ये प्रशांतचंद्र महालनोबीस ताग आणि भाताच्या पाहण्या करत होते, तर दिल्लीत आपले पांडुरंग वासुदेव सुखात्मे शेतातलं पीक प्रत्यक्ष कापून, मोजून उत्पन्नाचा अंदाज काढण्याची पद्धत बसवत होते. सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, जन्म १९११ चा. नमुना सर्वेक्षणावरचा त्यांचा ग्रंथ १९५४ साली निघाला आणि जगभर वापरला गेला. पण शेताला सर्व्हे नंबर असतो. शेत पळून जात नाही, आणि "तू शेत आहेस का?" म्हणून विचारलं तर खोटंही बोलत नाही.

माणसांचं तसं नसतं. ज्यांना शास्त्रात 'छुपी लोकसंख्या' म्हणतात त्या गटांची लक्षणं दोन. एक, त्यांची यादी कुठेच नसते. दोन, आपण त्या गटातले आहोत हे कबूल करण्यात धोका असतो, पोलिसांचा नाहीतर समाजाचा. घरोघरी फॉर्म घेऊन फिरलं तर दार उघडेल, चहाही मिळेल, खरं उत्तर मिळणार नाही.

आता मद्रासला जाऊ. १९८५ च्या शेवटी मद्रास मेडिकल कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्राध्यापक होत्या डॉ. सुनीती सोलोमन, माहेरच्या गायतोंडे. मद्रासमध्ये स्थायिक झालेल्या, चामड्याच्या व्यापारातल्या मराठी कुटुंबातली ही मुलगी. अमेरिकेत १९८१ पासून एड्सच्या बातम्या येत होत्या. भारतात मात्र "हा आपल्याकडचा रोग नव्हे" अशीच हवा होती. मुंबईसारख्या शहरात काही तपासण्या होऊनही काही सापडलं नव्हतं. सोलोमनबाईंनी आपल्या विद्यार्थिनीला, सेल्लप्पन निर्मला यांना, प्रबंधासाठी हाच विषय सुचवला. रक्ताचे दोनशे नमुने गोळा करायचे, त्यात देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांचेही हवेत.

पण त्या भेटणार कुठे? मुंबईत कामाठीपुरा सगळ्यांना ठाऊक, मद्रासमध्ये तशी एकही ठरलेली वस्ती नव्हती. निर्मला मोठ्या सरकारी दवाखान्यात गुप्तरोगाच्या उपचारांसाठी येणाऱ्या बायकांशी बोलू लागल्या. एक-दोघींशी ओळख जमली. मग त्या हळूच दुसरीकडे बोट दाखवायच्या, ही पण आमच्यातलीच. या बायकांचे केसपेपर बघताना निर्मलांच्या लक्षात आलं की बऱ्याच जणींचा पत्ता एकच आहे: 'व्ही होम'. म्हणजे व्हिजिलन्स होम, पोलिसांनी पकडलेल्या बायकांना ठेवण्याचं सुधारगृह. तिथे जाऊन त्यांनी तीन महिन्यांत ऐंशीच्या वर नमुने जमवले आणि घरच्या फ्रिजमध्ये ठेवले! मद्रासमध्ये तपासणीची सोय नव्हती. फेब्रुवारी १९८६ मध्ये त्या नमुने घेऊन रात्रीच्या गाडीने वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात गेल्या. सहा नमुन्यांचा रंग पिवळा झाला. पुन्हा रक्त घेतलं, अमेरिकेत पक्की तपासणी झाली, आणि मे महिन्यात तमिळनाडूच्या आरोग्यमंत्र्यांनी विधानसभेत जाहीर केलं की एचआयव्ही भारतात आहे.

ही शोधकथा म्हणून मला फार मोठी वाटते. पण संख्याशास्त्राच्या दृष्टीने पाहिलं तर दोन गोष्टी खटकतात. 'आहे की नाही' या प्रश्नाला ऐंशी नमुने पुरले. 'किती' या प्रश्नाला ते अजिबात पुरत नाहीत. सुधारगृहात फक्त पकडल्या गेलेल्या बायका होत्या. ज्या सापडल्या नाहीत, पैसे देऊन सुटल्या, किंवा चांगल्या वस्तीत गुपचूप राहत होत्या, त्या या हिशेबात नाहीत. दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे. कोठडीतल्या बाईला 'नाही' म्हणायची कितपत मोकळीक असते?

आणि तरी, ती आधीची पायरी बघा. एकीने दुसरी दाखवली. यादी नव्हती, पण ओळख होती. जगभर लपलेल्या माणसांपर्यंत पोचायचा मार्ग नेहमी हाच राहिला आहे. आपण तरी या देशात पहिलं भाड्याचं घर, पहिला रूममेट, ड्रायव्हिंग शिकवणारा माणूस कसा शोधला? कोणाच्या तरी ओळखीने.

शिकागोचे संख्याशास्त्रज्ञ लिओ गुडमन यांनी १९६१ साली या मार्गाला कागदावर आणलं आणि त्याला 'स्नोबॉल सॅम्पलिंग' म्हटलं. बर्फाचा गोळा घरंगळत मोठा होतो तसा नमुना वाढतो. गंमत अशी की गुडमन यांची सुरुवातीची माणसं चिठ्ठी टाकून निवडलेली होती, त्यामुळे त्यांचं गणित चोख होतं. पुढच्या लोकांनी नाव उचललं आणि अट सोडली. दवाखान्यात भेटेल त्या दोघांपासून सुरुवात करायची, त्यांच्या मित्रांना विचारायचं, आणि झालं सर्वेक्षण! अशा नमुन्यावरचे आक्षेप उघड आहेत. सुरुवात ज्यांच्यापासून केली त्यांच्यासारखीच माणसं मिळत जातात. ज्याच्या ओळखी जास्त तो पुन्हा पुन्हा सापडतो, एकलकोंडा सुटतो. म्हणून पुढची तीसेक वर्षं स्नोबॉल म्हणजे 'चालतं, पण आकड्यांचं बोलू नका' अशीच समजूत होती.

ती बदलली कनेक्टिकटमध्ये. १९९४ च्या सुमारास डग्लस हेकाथॉर्न आणि रॉबर्ट ब्रॉडहेड हे दोघे समाजशास्त्रज्ञ तिथल्या छोट्या शहरांत सुईने नशा करणाऱ्यांमध्ये एड्स रोखण्याचा प्रकल्प चालवत होते. तोवरची रीत अशी होती की त्या जगाची माहिती असलेले काही कार्यकर्ते पगारावर ठेवायचे आणि त्यांनी रस्त्यावर फिरून लोकांना गाठायचं. पण पगारी माणूस रोज फिरला की नाही, कोणाला भेटला, हे तपासणार कोण? शिवाय त्याला दिसणार तेच चेहरे, ठरलेल्या कोपऱ्यावरचे. या दोघांनी ते काम सगळ्यांनाच वाटून टाकलं. मुलाखतीला आलात, त्याचं थोडं मानधन. जाताना तुम्हाला मोजकी कूपनं, तीन वगैरे. ती तुमच्या ओळखीच्या, तसंच आयुष्य असलेल्या माणसांना द्या. त्यातला जो येईल त्याच्यामागे तुम्हाला आणखी थोडे पैसे. आणि आलेल्यालाही पुन्हा कूपनं.

वरवर पाहता ही साखळी-योजना. आपल्यापैकी बऱ्याच जणांना मॉलमध्ये गाठून "यू आर फ्रॉम पुणे?" करत साबण-शांपू विकायची स्कीम गळ्यात मारायचा प्रयत्न झालेला आहे, तसली! पण बारकावे बघण्यासारखे आहेत. पहिला म्हणजे कोणी कोणाचं नाव सांगत नाही. जुन्या पद्धतीत संशोधक विचारायचा, "तुमच्यासारखे आणखी कोण आहेत?" म्हणजे एका अर्थी मित्राची चुगलीच. इथे तुम्ही मित्राला कूपन देता. यायचं की नाही ते त्याने ठरवायचं. तो आला नाही तर संशोधकाला तो आहे हेसुद्धा कळत नाही. मद्रासच्या सुधारगृहात जे जमण्यासारखं नव्हतं ते या कागदाच्या तुकड्यात बसवलेलं होतं. दुसरा बारकावा कूपनवरच्या नंबराचा. त्यावरून कोणी कोणाला आणलं हे नाव न घेता समजतं. आणि तिसरा, कूपनं मोजकीच. शंभर मित्र असलेल्या माणसालाही तीनच. त्यामुळे एकट्यादुकट्याचं राज्य होत नाही आणि साखळ्या लांबत जातात.

लांबलेल्या साखळीतच खरी गंमत आहे. हेकाथॉर्न यांच्या लक्षात आलं की सुरुवात कोणापासूनही करा, काही फेऱ्यांनंतर नमुन्यातलं प्रमाण एकाच आकड्याकडे सरकतं. १९९७ साली 'सोशल प्रॉब्लेम्स' या नियतकालिकात त्यांनी हे मांडलं आणि पद्धतीला नाव दिलं 'रिस्पॉन्डंट ड्रिव्हन सॅम्पलिंग', म्हणजे उत्तर देणाऱ्यांनीच पुढे चालवलेलं सर्वेक्षण. आपण सोयीसाठी कूपन-पद्धत म्हणू.

हे समजायला आपलीच मराठी मंडळी घेऊ. आकडे माझ्या मनचे आहेत. समजा गावात दोनच प्रकारची मराठी माणसं आहेत, आयटीवाले आणि इतर. आयटीवाला कूपन देतो त्यात ७० टक्के वेळा दुसऱ्या आयटीवाल्याला, ३० टक्के वेळा इतरांना. इतर लोक ४० टक्के वेळा आयटीवाल्याला देतात आणि ६० टक्के आपापसात. सुरुवात फक्त आयटीवाल्यांपासून केली तर पुढच्या फेरीत आयटीवाले ७० टक्के, मग ६१, मग साधारण ५८, आणि पाचव्या फेरीला ५७. आता उलट करा, एकही आयटीवाला न घेता सुरुवात करा. आधी शून्य, मग ४०, ५२, ५५ च्या पुढे, आणि पाचव्या फेरीला पुन्हा ५७! सुरुवातीचा पक्षपात साखळी विसरून गेली. हे गणित रशियाच्या आंद्रेई मार्कोव्ह यांचं. त्यांनी १९१३ साली पुश्किनच्या एका काव्य-कादंबरीतली वीस हजार अक्षरं हाताने मोजून स्वरानंतर व्यंजन किती वेळा येतं ते पाहिलं होतं. त्या माणसाच्या चिकाटीला माझा दंडवत. मला तर एक्सेल शीट भरायचासुद्धा कंटाळा येतो.

पण थांबा. साखळी ५७ वर स्थिर झाली म्हणजे गावात ५७ टक्के आयटीवाले आहेत असं मुळीच नाही. ज्याच्या ओळखी जास्त त्याच्याकडे कूपन पोचायच्या वाटाही जास्त. समजा प्रत्येक आयटीवाल्याच्या वीस मराठी ओळखी आहेत आणि इतरांच्या पाचच. (रेस्टॉरंटमध्ये रात्री अकरापर्यंत काम करणाऱ्याला गणपतीच्या ओळखी कुठून होणार?) मग प्रत्येकाचं वजन त्याच्या ओळखींच्या उलट धरायचं. ५७ भागिले २० म्हणजे २.८५, आणि ४३ भागिले ५ म्हणजे ८.६. एकूण ११.४५ पैकी आयटीवाले २.८५, म्हणजे चक्क २५ टक्के. निम्म्याहून जास्त वाटत होते ते पावच निघाले.

पटत नसेल तर दुसऱ्या बाजूने बघा. ओळख दोन्हीकडून असते. आयटीवाल्याच्या वीसातल्या ३० टक्के म्हणजे सहा ओळखी इतरांशी. इतरांच्या पाचातल्या ४० टक्के म्हणजे दोन ओळखी आयटीवाल्यांशी. हे तेच हात आहेत, दोन टोकांनी मोजलेले, म्हणून एकूण बेरीज सारखी यायलाच हवी. ती येते इतर लोक आयटीवाल्यांच्या तिप्पट असतील तरच. पुन्हा २५ टक्के. मॅथ्यू सॅल्गनिक आणि हेकाथॉर्न यांनी २००४ मध्ये हा हातांचा हिशेब वापरून सूत्र बसवलं. ओळखींच्या उलट वजनाचं सोपं सूत्र एरिक व्होल्झ आणि हेकाथॉर्न यांनी २००८ मध्ये दिलं. आयटीतल्या वाचकांना यात ओळखीचं काहीतरी दिसेल. गूगलचं १९९८ चं पेजरँक याच कुळातलं, लिंकवरून लिंकवर भटकणारा माणूस कुठल्या पानावर किती वेळा पोचेल याचा हिशेब. फरक एवढाच की वेबपेज लाजत नाही.

जाता जाता, स्कॉट फेल्ड यांनी १९९१ मध्ये दाखवून दिलेली एक गोष्ट: तुमच्या मित्रांना सरासरीने तुमच्याहून जास्त मित्र असतात. ऑर्कुट २०१४ साली बंद पडलं, पण तिथे इतरांच्या फ्रेंड्सचा आकडा बघून ज्यांनी मनाला लावून घेतलं असेल त्यांना सांगतो, दोष तुमचा नव्हता, गणिताचा होता.

पद्धत निघाली नशेबाजांसाठी, पण पसरली भलतीकडे. न्यूयॉर्कमध्ये जॅझ वाजवणारे किती, हे कोणालाच माहीत नव्हतं. युनियनची यादी होती, पण बारमध्ये रात्री वाजवून दिवसा टॅक्सी चालवणारा कलाकार युनियनमध्ये असेलच असं नाही. जोन जेफ्री आणि हेकाथॉर्न यांनी कलाकारांनाच कूपनं दिली. कूपनने आलेल्यांपैकी युनियनचे सभासद किती हे कळलं, आणि युनियनमधल्या जॅझवाल्यांचा आकडा हाताशी असला की त्रैराशिकाने एकूण संख्या काढता येते. न्यूयॉर्क परिसरासाठी अंदाज निघाला सुमारे ३३ हजार. हा अहवाल २००३ मध्ये आला. मला हा प्रयोग आवडतो तो यासाठी की लपलेलं असणं म्हणजे गुन्हेगार असणं नव्हे. नुसतं यादीत नसणंही पुरतं.

आपल्या जास्त जवळचं सर्वेक्षण आहे २००८ चं. शिकागो, लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्कमध्ये कमी पगारावर राबणाऱ्या ४,३८७ कामगारांच्या मुलाखती याच पद्धतीने झाल्या. त्यात रेस्टॉरंटच्या स्वयंपाकघरातले होते, घरकाम करणाऱ्या बाया होत्या, कागदपत्रं नसलेलेही होते. फोनवरच्या पाहणीत ही माणसं येत नाहीत, आणि मालकाला विचारून तर काहीच कळणार नाही. २६ टक्के लोकांना आदल्या आठवड्यात कायद्याने ठरलेल्या किमान वेतनाहून कमी पैसे मिळाले होते. आपण बुफेला जातो तेव्हा आतल्या दारामागे कोण आहे याचा हा आकडा आहे, आणि तो त्यांच्याच मित्रांनी दिलेल्या कूपनांमुळे मिळाला.

भारताकडे परत येऊ, कारण चुकीच्या यादीची किंमत काय असते ते तिथे दिसलं. २००६ साली संयुक्त राष्ट्रांच्या एड्स कार्यक्रमाने सांगितलं की भारतात सत्तावन्न लाख लोकांना एचआयव्ही आहे, दक्षिण आफ्रिकेपेक्षाही जास्त. पहिल्या क्रमांकाच्या बातम्या झळकल्या. वर्षभरात, जुलै २००७ मध्ये, तो आकडा पंचवीस लाखांच्या आत आला. तीस लाख माणसं बरी झाली नव्हती की मेली नव्हती. आधीचा अंदाज मुख्यतः सरकारी दवाखान्यांत येणाऱ्या गरोदर स्त्रिया आणि गुप्तरोगाचे रुग्ण यांच्यावरून बांधला होता, आणि तिथे येणारे लोक साऱ्या देशाचं चित्र नव्हते. दरम्यान २००५-०६ च्या तिसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत घरोघरी जाऊन एक लाखाहून अधिक लोकांचं रक्त तपासलं गेलं. प्रमाण आलं ०.२८ टक्के.

पण या घरोघरच्या पाहणीलाही तीच जुनी मर्यादा. पुलाखाली झोपणारा घरात सापडत नाही. जो सापडतो तो पाहणीवाल्याला काही सांगत नाही. म्हणून त्याच काळात मणिपूर आणि नागालँडमध्ये सुईने नशा करणाऱ्यांसाठी कूपन-पद्धत वापरली गेली. अमेरिकेचं रोगनियंत्रण केंद्र २००५ पासून ती वापरू लागलं. २००३ ते २००७ या काळात अमेरिकेबाहेर २८ देशांत अशी १२३ सर्वेक्षणं झाल्याची नोंद आहे. म्हणजे एका छोट्या राज्यातल्या प्रकल्पाने दहा वर्षांत जग पालथं घातलं.

इतक्या वेगाने पसरलेल्या कुठल्याही गोष्टीबद्दल आयटीवाल्याला जो संशय येतो तो संख्याशास्त्रज्ञांनाही आला. हे सगळं टेस्ट कोणी केलंय? गणिताच्या गृहीतकांकडे पाहा. माणूस आपल्या ओळखीतल्या कोणालाही सारख्याच शक्यतेने कूपन देतो, असं त्यात धरलेलं आहे. खरं तर तो शेजारी बसलेल्याला देतो, किंवा ज्याला पैशांची गरज आहे त्याला. आपण किती जणांना ओळखतो हे प्रत्येकाला माहीत आहे, असंही धरलेलं आहे. तुम्हीच सांगा, तुमच्या गावातल्या किती मराठी माणसांना तुम्ही ओळखता? उत्तर वीस किंवा पन्नास येईल, सदतीस येणार नाही. लोक गोल आकडे सांगतात, आणि आपण त्या गोल आकड्याने भागायला बसतो.

२०१० मध्ये शरद गोयल आणि सॅल्गनिक यांनी, म्हणजे पद्धतीच्या एका जनकानेच, कॉम्प्युटरवर तिची परीक्षा घेतली. अमेरिकी शाळकरी मुलांच्या मैत्रीचे आणि कोलोरॅडो स्प्रिंग्जमधल्या एका जुन्या अभ्यासातले खरे नकाशे घेतले, त्यावर हजारो वेळा खोटी कूपनं सोडली आणि खऱ्या आकड्याशी ताडून पाहिलं. निष्कर्ष कडू होता. सरासरीने उत्तर ठीक येतं, पण एकेका सर्वेक्षणाचं उत्तर लोक समजतात त्याहून बरंच इकडेतिकडे उडतं, आणि अहवालात छापलेली 'चुकीची मर्यादा' फसवी, फार अरुंद असते. कारण साधं आहे. एकाच साखळीतली माणसं एकमेकांसारखी असतात. पाचशे माणसं भेटली तरी त्यातली नवी माहिती पाचशे माणसांइतकी नसते.

कॉम्प्युटरवर नव्हे, प्रत्यक्ष माणसांवरची परीक्षा युगांडात झाली. तिथल्या २५ खेड्यांतल्या २,४०२ कुटुंबप्रमुख पुरुषांची पक्की माहिती एका जुन्या अभ्यासामुळे आधीच नोंदलेली होती. म्हणजे इथे यादी होती. संशोधकांनी मुद्दाम ती बाजूला ठेवली आणि कूपनं वाटली. ९२७ जण आले. मग यादी उघडून उत्तरं तपासली, २०१२ मध्ये निकाल छापला. नमुना बराचसा गावासारखाच होता, पण तरुण आणि सुखवस्तू पुरुष कमी आले होते. ही तूट वजनांच्या सूत्राने भरून निघायला हवी होती, ती निघाली नाही. शंभरातल्या पंचाण्णव वेळा खरा आकडा ज्या मर्यादेत असायला हवा, तो तिथे फक्त ५० ते ७४ टक्के वेळाच सापडला. मला यातलं कौतुक वाटतं ते असं की ही परीक्षा बाहेरच्या टीकाकारांनी नाही, ही पद्धत वापरणाऱ्यांनीच घेतली. आमच्या धंद्यात स्वतःच्या कोडवर कोणी इतका निर्दय नसतो.

मग पद्धत टाकून द्यायची का? यापेक्षा चांगलं कोणाकडे काही असतं तर टाकली असती. पुढच्या लोकांनी ती सावधपणे वापरली. सुनीती सोलोमन यांनी सरकारी नोकरी सोडून १९९३ मध्ये वडिलांच्या नावाने वाय. आर. गायतोंडे सेंटर ही संस्था चेन्नईत काढली होती. त्या संस्थेने आणि अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने मिळून २०१२-१३ मध्ये भारतात २७ ठिकाणी कूपन-सर्वेक्षण केलं, दर ठिकाणी साधारण हजार माणसं. संशोधकांत श्रुती मेहता होत्या आणि सुनीतीबाईंचे चिरंजीव सुनील सोलोमन होते. सुईने नशा करणारे १४,४८१ जण आले आणि पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष १२,०२२. मानधनासाठी तोच माणूस दोनदा येऊ नये म्हणून बोटाचा ठसा घेत, पण ठशाचं चित्र न ठेवता त्याचा फक्त एक सांकेतिक क्रमांक बनवत. नाव नाही, पत्ता नाही, तरी दुबार नोंद पकडता येते. आमच्या भाषेत हॅशिंग. पन्नासेक वर्षांपूर्वी लिओ गुडमन यांना हे सुचणं शक्यच नव्हतं, आणि निर्मलांना तर घरचा फ्रिज वापरावा लागला होता.

त्या १४,४८१ जणांच्या रक्तात हेपटायटिस सी ची खूणही तपासली. ५,७७७ जणांत ती सापडली. नुसता भागाकार केला तर जवळजवळ ४० टक्के होतात, वजनं लावून छापलेला आकडा ३७.२ आहे. ज्यांना लागण झाली होती त्यांच्यापैकी आपल्याला हा आजार आहे हे आधीपासून माहीत असलेले होते ४४०, उपचार कधी ना कधी घेतलेले ७९, आणि सर्वेक्षणाच्या वेळी उपचार चालू असलेले अठरा. सुनीतीबाई जुलै २०१५ मध्ये गेल्या. हे आकडे त्याच वर्षी प्रसिद्ध झाले.